टोकाचे पाणी

मराठी भाषेने शरीराचा फारसा कोणताही भाग रिकामा सोडलेला नाही. काळीज फाटते, आतडे तुटते, पोटात कालवते, पित्त खवळते, नाकाला मिरच्या झोंबतात. घास घशाखाली उतरत नाही, इथपर्यंत ती सोबत येते. त्यापुढे थेट पोट दुखू लागेपर्यंत मात्र ती गप्प असते. घसा आणि जठर यांच्यामध्ये सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीची एक वाट आहे आणि तिला घरगुती नाव नाही. ‘अन्ननलिका’ हा शब्द शाळेच्या पुस्तकातला. कोणतीही आजी आपल्या दुखण्याच्या तक्रारीत तो वापरीत नाही. छातीत जळजळते, घास अडकल्यासारखा वाटतो, एवढ्यावर ती भागवते.

नाव पडले नाही याचे कारण उघड आहे. घास तिथे मुक्काम करीत नाही. गिळल्यापासून आठ-दहा सेकंदांत तो खाली उतरतो आणि ती वाट पुन्हा मिटून जाते. पचवणे, शोषणे, साठवणे यांपैकी कोणतेच काम तिच्याकडे नाही. जी जागा केवळ जाण्यासाठी आहे तिच्याकडे लक्ष कोणाचे असणार? परंतु या दुर्लक्षित वाटेलाही एक आजार होतो. तो विरळा आहे. दहा हजार माणसांच्या घशातून दुर्बीण उतरवली तर कोठे एकाला, कोठे फार तर अठ्ठावीस जणांना तो आढळल्याच्या नोंदी आहेत. त्यात ही नलिका आतून काळी पडते. काळी म्हणजे काळसर नव्हे, कोळशासारखी. आणि तो काळेपणा जठराच्या तोंडाशी येऊन, रेघ ओढल्याप्रमाणे, एकाएकी थांबतो. त्या रेघेच्या पलीकडे जठराचे अस्तर बहुधा नेहमीच्या रंगाचे असते.

हा आजार कोणत्याही एका गावाचा नव्हे. तरी झाशीत बसून त्याचा विचार केला तर तो लवकर उमगतो. त्याच्या मुळाशी जी गोष्ट आहे, म्हणजे पाणी शेवटपर्यंत न पोचणे, ती बुंदेलखंडाला कोणी समजावून सांगावी लागत नाही.

मराठी वाचकाच्या मनातली झाशी बहुधा १८५८ सालीच थांबलेली असते. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मधून ती त्याच्या ओळखीची झाली, किल्ला, राणी, वेढा, आणि नंतरची लूट. पुस्तक मिटले की शहरही मिटते. प्रत्यक्षात नेवाळकरांच्या आगेमागे आलेली मराठी घराणी त्यानंतरही तिथे राहिली, शिकली, वकिली-मास्तरकी करू लागली. १९४६ च्या डिसेंबरात संविधान सभेत हिंदुस्थानीतूनच बोलण्याचा आग्रह धरणारे रघुनाथ विनायक धुळेकर हे झाशीचेच वकील. ज्या गणेशमंदिरात राणीचे लग्न लागले ते अजून उभे आहे. घरातली मराठी हळूहळू हिंदीत विरघळत गेली, तरी संकष्टी चतुर्थी राहिली, आरती राहिली, साबुदाण्याची खिचडी राहिली. इतिहासातून बाहेर पडलेली माणसे पुढे इतर सर्वांसारखीच म्हातारी होतात, आणि आता इतर सर्वांसारखाच त्यांनाही मधुमेह होतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींचा आकडा दहा कोटींच्या वर काढला आहे.

अशा वस्तीतला एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. तो कोणी एक नव्हे. वैद्यकाच्या नोंदींतून ज्या वयाचे आणि ज्या परिस्थितीतले रुग्ण पुनःपुन्हा समोर येतात, त्यांचा तो प्रतिनिधी. वय साठीच्या पुढचे. बायकांपेक्षा पुरुषांना हा आजार सुमारे चौपट होतो, म्हणून पुरुष. मधुमेह वीस वर्षांचा, गोळ्यांनी भागेना म्हणून गेली काही वर्षे इन्शुलिन. हिशेबी स्वभावाचा, आयुष्यभर हिशेबानेच चाललेला. संकष्टीला त्याचा हिशेब असा असतो: आज जेवण चंद्रोदयानंतर, तेव्हा सकाळचे इंजेक्शन कशाला? साखर वाढायला पोटात काही जायला तर हवे!

हा हिशेब इतका सरळ दिसतो की त्यातली चूक दाखवून देणाराच वेडा ठरावा. शिवाय त्यात अर्धे सत्य आहे. उपाशी पोटी नेहमीचेच माप टोचून घेतले तर साखर एकदम उतरून माणूस कोसळू शकतो. ती भीती खोटी नव्हे. म्हणून डॉक्टर उपासाच्या दिवशी माप बदलून देतात. पण माप कमी करणे वेगळे आणि बंद करणे वेगळे. साखर केवळ ताटातून येत नाही. यकृत ती रात्रंदिवस तयार करीत असते आणि इन्शुलिनचा लगाम सुटला की अधिकच करते. (उपासाच्या ताटाविषयी तर न बोललेलेच बरे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ज्याला घर ‘काही न खाणे’ म्हणते ते पुष्कळदा नेहमीच्या जेवणाहून जड असते.) एखादा दिवस निभावून जातो. परंतु त्याच दिवशी अंगात ताप मुरलेला असला, लघवीत किंवा फुप्फुसात जंतूंनी ठाण मांडलेले असले, तर निभावत नाही. आजारात शरीराची इन्शुलिनची गरज वाढते. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू होतात आणि गृहस्थ तोच हिशेब पुढे ओढतो: पोटात पाणीसुद्धा ठरत नाही, मग इंजेक्शन कसले?

घरात शोधून पाहिले तर असे म्हणणारे माणूस बहुतेक प्रत्येक मधुमेहीच्या घरी सापडेल. सल्ला देणारे शेजारीही हेच सांगतात, आणि प्रेमाने सांगतात.

इन्शुलिनवाचून पेशींना साखर घेता येत नाही. रक्तात ती ओसंडून वाहत असते आणि पेशी उपाशी असतात. मग शरीर चरबी जाळू लागते. त्या जळणातून कीटोन निघतात आणि रक्त आंबट होत जाते. वाढलेली साखर लघवीवाटे बाहेर पडताना पाणी ओढून नेते. या अवस्थेत रुग्णालयात पोचलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सहा-सहा लिटर पाणी उणे झालेले असते. सहा लिटर म्हणजे घरातली मध्यम कळशी अर्धी-अधिक रिकामी. श्वास खोल आणि भरभर चालू लागतो, थांबता थांबत नाही. श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो. नाडी बारीक, हातपाय गार. अलीकडे मधुमेहावर निघालेल्या गोळ्यांच्या एका वर्गात, लघवीतून साखर काढून टाकणाऱ्या ग्लिफ्लोझिन गोळ्यांत, साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त असे आंबट होऊ शकते. तेव्हा घरच्या यंत्राचा आकडा पाहून निश्चिंत राहण्याचीही सोय उरलेली नाही.

इथवरचे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. हा आणीबाणीचा प्रसंग आहे, पण ओळखीचा. अनोळखी गोष्ट पुढे घडते. ओकारीचा रंग बदलतो. पुस्तके तिला कॉफीच्या गाळाची उपमा देतात. झाशीच्या घरात चहाचा चोथा म्हणतील. शौच डांबरासारखे होते. गृहस्थाला रुग्णालयात आणले जाते, सलाईन लागते, रक्तदाब थोडा सावरला की वरून दुर्बीण घातली जाते. आणि पडद्यावर गुलाबी भिंतीऐवजी काळी भिंत दिसते.

दुर्बीण धरणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न जो येतो तो अगदी रास्त असतो, आणि बाहेर बाकावर बसलेल्या घराला तोच उद्ध्वस्त करू शकतो. अन्ननलिका अशी काळी पाहण्याची वैद्याला जी सवय असते ती तेजाबाने जळलेल्या माणसांत. म्हणून तो बाहेर येऊन विचारतो, यांनी काही पिले होते का? संडास धुण्याची बाटली कोठे ठेवता? घरात काही भांडण? प्रश्न तीन आहेत, परंतु ऐकणाऱ्यांना एकच ऐकू येतो. सकाळचा चहा सुनेने दिला होता. अहो, त्यांनी काही खाल्लेच नव्हते हो, असे पत्नी सांगत राहते. मुलगा वडिलांच्या गेल्या महिन्यातल्या उदास बोलण्याचे अर्थ लावू लागतो. विष हा शब्द एकदा उच्चारला गेला की तो मागे घेता येत नाही. रुग्ण गुंगीत असतो. स्वतःची साक्ष देण्याच्या स्थितीत नसतो.

पोलिसांना बोलावण्याच्या आत एखाद्या डॉक्टराला आठवले तर आठवले. ओठ, जीभ, गालाची आतली बाजू कोरी आहे. तेजाब प्याला असता तर तोंड बहुधा सुटले नसते. काळेपणा खालच्या भागात सर्वांत दाट आहे, वर येता येता विरळ होतो. आणि ती रेघ; गिळलेले तेजाब जठराच्या दारात असे शिस्तीने थांबत नाही. ही जागा जळलेली नाही. ती वाळली आहे.

वाळली कशी, हे समजण्यासाठी झाशीबाहेर बेतवेवर पारीछा येथे एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या बंधाऱ्याकडे जावे. तिथून निघालेला कालवा दूरवर शेते भिजवतो. पण कोणत्याही कालव्याची गोष्ट शेवटी एकच असते. बंधाऱ्यात पाणी भरपूर असले की सर्वांना मिळते. कमी पडले की वरची शेते भिजतात आणि टेलचा शेतकरी कोरडा राहतो. त्याचा अपराध एवढाच की त्याचे शेत टोकाला आहे. अन्ननलिकेचा रक्तपुरवठा असाच तुकड्यातुकड्यांनी झालेला आहे. वरच्या भागाला मानेतल्या धमन्यांच्या फांद्या मिळतात. मधल्याला श्वासनलिकांच्या धमन्या आणि थेट महाधमनीतून निघालेले फाटे. खालच्या तिसऱ्या भागाला मात्र जठराच्या डाव्या धमनीच्या आणि श्वासपटलाच्या धमनीच्या फांद्यांवर भागवावे लागते, आणि तिथला पुरवठा सर्वांत तोकडा. ठीक चालले असताना हे कोणाला कळत नाही. सहा लिटर पाणी उणे झाले, रक्तदाब खाली आला, तर हृदय आणि मेंदू यांच्याकडे रक्त वळवले जाते आणि टोक कोरडे पडते. शंभरांत सत्त्याण्णव रुग्णांमध्ये काळेपणा त्या खालच्या भागातच सापडतो.

कोरडेपणा एकटा असता तर कदाचित निभावले असते. परंतु कीटोनांनी भरलेल्या शरीरात जठराचीही हालचाल मंदावते. ते तुंबते, आणि त्यातले आम्ल ओकाऱ्यांबरोबर वर उसळते. निरोगी अस्तर हे आम्ल थोडा वेळ सोसते, रक्त येऊन ते धुऊन टाकते. इथे धुवायला रक्त नाही. वरून दुष्काळ आणि खालून आम्ल, अशा कात्रीत सापडलेले अस्तर काही तासांत मरते. जुन्या मधुमेहाने आधीच अरुंद केलेल्या रक्तवाहिन्या आणि खंगलेली प्रकृती या कामाला हातभार लावतात. मद्यपी, हृदयविकारी, जंतुदोषाने खचलेले असे इतर रुग्णही या यादीत आहेत. मधुमेह त्यांच्यातला एक नेहमीचा सोबती.

या दोन टोकांना, म्हणजे मधुमेहीच्या त्या खोल श्वासाला आणि अन्ननलिकेच्या आतल्या दृश्याला, एकाच माणसाने पहिल्यांदा हात घातला होता ही वैद्यकाच्या इतिहासातली मोठी मौजेची गोष्ट आहे. आडोल्फ कुसमाउल हा जर्मन वैद्य फ्रायबुर्ग येथे प्राध्यापक होता. १८६८ मध्ये त्याने तलवार गिळणाऱ्या एका खेळियाला बोलावले. तलवारीऐवजी सरळ धातूची नळी त्याच्या घशातून खाली उतरवली आणि तिच्या तोंडाशी दिव्याचा उजेड परावर्तित करून आत डोकावला. तलवार गिळण्याचा खेळ भारतातल्या रस्त्यांवर आणि जत्रांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. डोके मागे टाकले की घसा आणि अन्ननलिका एका सरळ रेषेत येतात हे त्या खेळियांना प्राध्यापकांच्या आधी ठाऊक होते. मात्र त्यांना कोणी प्राध्यापक म्हटले नाही. कुसमाउलची नळी उतरली, पण उजेड पुरला नाही. तो प्रयत्न तिथेच थांबला. सहा वर्षांनी, १८७४ मध्ये, त्याच कुसमाउलने मधुमेहाच्या गुंगीत गेलेल्या रुग्णांच्या त्या अखंड, खोल, भुकेल्या श्वासाचे वर्णन लिहिले. तो श्वास आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. त्या काळी असा श्वास सुरू झाला की वैद्य पुढचे सांगत नसत. टोरोंटोमध्ये इन्शुलिन हाती येऊन ते पहिल्या रुग्णाला टोचले जायला १९२२ चा जानेवारी उजाडावा लागला. ज्या रुग्णांचा श्वास कुसमाउलने ऐकला त्यांच्यापैकी कोणाची अन्ननलिका आतून काळी होती की काय, हे पाहण्याइतका उजेड त्याच्याकडे नव्हता.

तो उजेड पुढे आला त्यातही एक वळण आपल्या मुलखाजवळचे आहे. काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाकवून नेता येते हे १९५४ मध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर ज्याने दाखवून दिले तो नरिंदरसिंग कपानी आग्रा विद्यापीठाचा पदवीधर. तो शोधनिबंध वाचून बेसिल हर्शोविट्झ याने लवचिक दुर्बीण बनवली आणि १९५७ मध्ये ती आधी स्वतःच गिळून पाहिली. त्यानंतरच जिवंत माणसाच्या अन्ननलिकेत सहज डोकावणे शक्य झाले. त्याआधी हा काळेपणा दिसे तो शवविच्छेदनाच्या टेबलावर, आणि मेल्यानंतर ऊतींत फरक पडतातच, असे म्हणून तो बाजूला सारणे सोपे होते. दुर्बिणीतून पाहिलेल्या रुग्णाचे वर्णन गोल्डनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये केले. विखुरलेल्या नोंदी गोळा करून गुर्विट्स यांनी २००७ मध्ये त्यांना एका लक्षणसमूहाचे रूप दिले. म्हणजे या आजाराला नाव मिळाले तेव्हा एकविसावे शतक लागून गेले होते. झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९६८ ची. तिथल्या पहिल्या तुकड्या शिकून बाहेर पडल्या त्या काळात जगातल्या कोणत्याच पाठ्यपुस्तकात या आजाराचे आजचे रूप नव्हते. तेव्हा बाहेरच्या बाकावर विचारलेल्या त्या प्रश्नाबद्दल डॉक्टराला दोष देण्याआधी थोडे थांबावे हे बरे. जे पाहिलेले नाही ते ओळखता येत नाही. आणि विषाची शंका वेळीच न घेणारा डॉक्टर अधिक धोक्याचा.

उपचार ऐकायला निराशाजनक वाटावेत इतके साधे आहेत. काळ्या भागावर लावायचे कोणतेही औषध नाही, शस्त्रक्रिया क्वचितच. शिरेतून पाणी, शिरेतून इन्शुलिन, त्याबरोबर पोटॅशियम. कारण इन्शुलिन रक्तातले पोटॅशियम पेशींत ओढून नेते आणि ते फार उतरले तर हृदय बंद पडते. आम्ल दाबणारे औषध. मुळाशी जंतुदोष असेल तर त्याचा बंदोबस्त. तोंडाने काही नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाकातून पोटात नळी घालण्याचा मोह आवरायचा. ओकणाऱ्या रुग्णाला नळी घालणे हा हाताचा सराव झालेला असतो, पण ही भिंत ओल्या कागदासारखी झालेली असते. नळीच्या टोकाने ती फाटू शकते. अन्ननलिकेला भोक पडून मजकूर छातीत उतरला तर मग वाचणे कठीण.

असे रुग्ण तिघांमागे जवळजवळ एक दगावतो. हा आकडा भयंकर आहे, पण तो नीट वाचला पाहिजे. केवळ अन्ननलिकेमुळे मरणारे शंभरांत सहाच्या आसपास. बाकीचे ज्या आजाराने टोक कोरडे पाडले त्या मूळच्या आजाराने जातात. काळी भिंत ही बहुधा मारेकरी नसते. आत किती दुष्काळ पडला होता, याची ती खूण असते. म्हणून पाणी आणि इन्शुलिन वेळेवर पोचले तर जे घडते ते दुर्बिणीवाल्यालाही अचंबित करते. आठवडाभराने पुन्हा पाहावे तर काळे पापुद्रे सुटू लागलेले असतात, आणि त्याखाली कोवळे, सहज रक्त येईल असे गुलाबी अस्तर उगवत असते.

बाहेर बाकावर मात्र ते इतक्या लवकर उगवत नाही. डॉक्टरांनी सांगितले की काही प्यालेले नव्हते, रक्त न पोचल्याने असे झाले. मुलगा मान हलवतो. सून डबा घेऊन येते, पण डबा स्वतः उघडत नाही. तो सासूच्या हाती देते. शंकेचे असे आहे की ती फेडणारा अहवाल तिच्यानंतर येतो, आणि तो छापील कागदावर, इंग्रजीत येतो. गुंगीतून जागा झालेला गृहस्थ या सगळ्यापासून अजाण असतो. त्याची तक्रार एवढीच की घसा कोरडा पडला आहे आणि कोणी पाणी देत नाही. ते प्रथम चमच्याने दिले जाते. मग पेज, मग मऊ भात, त्यावर वरणाचे पाणी.

दहांतल्या एखाद्या रुग्णाची वाट भरून येताना आकसते. काही आठवड्यांनी पोळीचा घास छातीत अडतो, मग भाताचाही. तेव्हा फुगा घालून ती रुंद करावी लागते, कधी कधी दोन-चार वेळा. घरी जाताना इन्शुलिनचा कागद बदलून मिळतो. त्यात नेहमीचे माप असते, उपासाच्या दिवसाचे माप असते, आणि ताप-ओकारीच्या दिवसांसाठी वेगळी ओळ असते: साखर दर चार तासांनी, लघवीत कीटोन, इंजेक्शन बंद करू नये, पाणी ठरत नसेल तर वाट न पाहता यावे. हिशेबी माणसाला तो कागद आवडतो. तो दोनदा वाचून, मापांची बेरीज करून पाहून, तो घडी घालून खिशात ठेवतो, आणि सुनेला विचारतो, पुढची संकष्टी कधी आहे गं?